संपकऱ्याच्या घरचा जमाखर्च व त्याचीं कागदपत्रें

१. जळगांवच्या शेजारीं असोदा हा गांव आहे. बहिणाबाई चौधरी यांचें हें माहेर; त्यांचा जन्म येथें इ. स. १८८० त झाला. बाईंस लिहितां वाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं घरच्या माणसांनीं ऐकून कागदावर उतरून घेतलीं, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ त तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. उतरून घेणारा कोणी नसता तर त्यांतील एक ओळही आज हातीं आली नसती. या गोष्टीपासून संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध काव्यापुरताच नाहीं. मजुराच्या घरचा बहुतेक हिशेब असाच तोंडीं असतो. संपाच्या महिन्यांत घरांतील काय विकलें, काय गहाण पडलें, कोणाकडून किती उसनें आणलें आणि तें फिटण्यास किती वर्षें लागलीं, हें घरच्या बाईस पाठ असतें; परंतु तें उतरून घेणारा क्वचितच निघतो.

असोद्याच्या एका अंगास जळगांव आहे, जेथें कापसाची सूत-कापडाची गिरणी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत निघाली. दुसऱ्या अंगास भुसावळचें रेल्वे-जंक्शन आहे. म्हणजे शेत, गिरणी आणि रेल्वे या तीन प्रकारच्या कमाया या भागांतील घरांतून एकाच वहींत उतरणें संभवतें. संपाचा खर्च घरास कसा पडतो हें समजून घेण्यास ही जागा सोयीची आहे. बुडालेला पगार हा त्या खर्चाचा केवळ पहिला आकडा होय. मोठे आकडे व्याजांत, गहाणांत आणि नोकरीच्या तुटलेल्या हक्कांत असतात, व ते सरकारी अहवालांतून दिसत नाहींत. ते कोणत्या कागदांत दिसतात व कसे वाचावे, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. प्रथम शब्दाविषयीं. संप म्हणजे मूळचा एकोपा, मेळ. गुजरातींत हा अर्थ आजही चालतो. काम बंद करणें हा अर्थ मराठींत गिरण्यांच्या काळांत रूढ झाला. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्यें १८७७ त विणकरांनीं मजुरीच्या दरावरून काम थांबविलें. हिंदुस्थानांतील अगदीं आरंभींच्या गिरणी-संपांत त्याची गणना होते.

परंतु वस्तु शब्दाहून जुनी आहे. मराठेशाहीच्या कागदांत वसुलाची तोशीस सोसेनाशी झाली म्हणजे कुळें गांव सोडून परागंदा झाल्याचे उल्लेख वारंवार येतात. मग सरकारांतून कौल देऊन त्यांस परत आणावें, इस्ताव्यानें सारा थोडा थोडा चढवावा, तगाई द्यावी, अशी रीत होती. हा कौल म्हणजे एका अर्थीं तडजोडीचा करारच होय. तथापि कौल हातीं पडेपर्यंत रयतेचा काय खर्च झाला हें कौलनाम्यांत लिहिलेलें नसतें. उभें पीक गेलें, बैल विकले, परमुलखीं पोट भरण्यास कर्ज झालें, हें सर्व त्या कागदाच्या बाहेर राहिलें. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. देशावरच्या मिरासदारास गांव सोडून गेला तरी आपली मिरास परत मागण्याचा हक्क दीर्घकाळ असे. उपऱ्यास तसा हक्क नसे. त्यामुळें उपरी लवकर निघून जाई, पण परत आल्यावर त्याचें स्थान नवीनच असे. पुढें नोकरीच्या सलगतेचा जो प्रश्न येतो त्याचें हें जुनें रूप होय.

३. आतां आंकड्यांनीं पाहूं. त्यासाठीं मुंबईचा १९२५ चा संप घेणें सोईचें आहे. कारण त्यांतील मागणी एकच होती आणि ती मान्य झाली. गिरणीमालकांनीं १ सप्टेंबर १९२५ पासून पगारांत शेंकडा साडेअकरा कपात केली. त्या महिन्याच्या मध्यापासून सुमारें दीड लाख कामगारांनीं काम बंद केलें. डिसेंबरच्या आरंभीं सरकारनें कापडावरील साडेतीन टक्के अंतर्गत जकात स्थगित केली, मालकांनीं कपात मागें घेतली आणि गिरण्या सुरू झाल्या. म्हणजे संप अडीच महिन्यांहून थोडा अधिक चालला आणि कामगारांचा पूर्ण जय झाला.

या जयाची किंमत घरांत किती पडली? समजण्यासाठीं दरमहा तीस रुपयांचा मजूर धरूं. साडेअकरा टक्क्यांप्रमाणें त्याचे महिना सुमारें ३ रुपये ७ आणे वांचले. अडीच महिन्यांचा बुडालेला पगार ७५ रुपये. ७५ रुपयांस ३ रुपये ७ आण्यांनीं भागिलें असतां सुमारें बावीस महिने येतात. म्हणजे डिसेंबर १९२५ त जिंकलेल्या मजुराचा केवळ बुडालेला पगार भरून येण्यास १९२७ चा दसरा-दिवाळीचा सुमार उजाडला. आणि १९२८ च्या एप्रिलांत तर पुढचा, जवळजवळ सहा महिने चाललेला मोठा संप सुरू झाला.

हा हिशेब कर्ज न काढतां दिवस काढणाऱ्याचा झाला. असे किती होते? मुंबईच्या लेबर ऑफिसनें १९२१-२२ त कामगारांच्या दोन हजार चारशें त्र्याहत्तर कुटुंबांच्या घरखर्चाची चौकशी केली होती. कुटुंबाची मासिक प्राप्ति सरासरी सुमारें बावन्न रुपये होती. त्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम केवळ अन्नावर जाई. आणि शेंकडा सत्तेचाळीस कुटुंबें कर्जांत होतीं. हें संप नसतांनाचें मान होय. कर्जाचा रूढ दर दर रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे वर्षास शेंकडा पंचाहत्तर.

हा दर वरच्या हिशेबास लावून पाहावा. मजुरानें संपांत ५५ रुपये कर्ज काढलें, तर त्याचें महिन्याचें व्याज ५५ आणे, म्हणजे ३ रुपये ७ आणे. संपानें वांचविलेली रक्कम नेमकी तितकीच! म्हणजे पंचावन्न रुपयांच्या वर ज्याचें कर्ज गेलें, त्याची सगळी जिंकलेली रक्कम सावकाराच्या व्याजांत जाई आणि मुद्दल जसेंच्या तसें उभें राही. तीस रुपयांच्या मजुरास पंचावन्न रुपये म्हणजे पावणेदोन-दोन महिन्यांचा पगार. अडीच महिन्यांच्या संपांत इतकें कर्ज होणें अशक्य नव्हे. एकाच गिरणींत, एकाच साच्यावर काम करणाऱ्या दोघांपैकीं एकास तोच संप लाभाचा व दुसऱ्यास बुडीताचा ठरला. दोघांमधला फरक इतकाच कीं एकाच्या गाठीस थोडी शिल्लक होती आणि दुसऱ्याच्या नव्हती.

यावरून संप करणें हें अविचाराचें होतें असा निष्कर्ष काढूं नये. काम चालू ठेवलें असतें तर वर्षास सुमारें एकेचाळीस रुपये कायमचे गेले असते, आणि एक कपात निमूटपणें सोसली म्हणजे दुसरी येण्यास वाट मोकळी होते. शिवाय वांचलेल्या दराचा लाभ पुढें गिरणींत येणाऱ्या नव्या मजुरासही मिळाला, ज्याचा एक पैही खर्च झालेला नव्हता. खर्च आज, रोख आणि आपल्या घरचा. लाभ उद्यां, हप्त्यानें आणि सर्वांचा, ही संपाच्या हिशेबांतील मूळ विषमता आहे. ती जाणूनही लोक संपावर गेले. म्हणूनच हा हिशेब इतिहासाच्या दृष्टीनें मोलाचा आहे.

४. हा खर्च कोणत्या वाटेनें घरांत येई हेंही पाहिलें पाहिजे. गिरणींतील पगार महिना संपल्यावर कांहीं दिवसांनीं मिळे. त्यामुळें संपाच्या आरंभीं मागील कामाचे पैसे मालकाकडे अडकलेले असत. ते हातीं आल्यावर पहिले कांहीं आठवडे निघत. नंतर वाण्याची उधारी. वाणी ओळखीवर धान्य देई, परंतु संप लांबला म्हणजे त्याचाही हात आंखडे, कारण त्यास स्वतः घाऊक व्यापाऱ्याचें देणें असे. त्यानंतर भांडीं व दागिने. शेवटीं पठाणाचें किंवा सावकाराचें रोख कर्ज. संप मिटल्यावरही वाट सरळ नव्हती. मजुरांची भरती मुकादमाच्या हातीं असल्यामुळें परत कामावर लागण्यासाठीं त्यास दस्तुरी द्यावी लागे. तीही संपाच्या खर्चांतच धरली पाहिजे.

ज्याचें गांवीं शेत होतें तो गांवीं निघून जाई. १९२८ च्या दीर्घ संपांत हजारों कामगार मुंबई सोडून आपापल्या गांवीं गेले, आणि मागें राहिलेल्यांस संप-समितीच्या वतीनें धान्य वांटण्यांत आलें. गांवीं गेलेल्या मजुराचा खर्च नाहींसा होत नाहीं. तो भावाच्या घरीं जातो. एरव्हीं गिरणीचा पैसा शेताचा सारा भरी, तो त्या वर्षीं आला नाहीं आणि खाणारें एक तोंड वाढलें. असोद्यासारख्या, शहराच्या लगतच्या गांवांत राहून कामास जाणाऱ्या मजुरास चाळीच्या भाड्याचा धाक नसतो आणि गांवचें धान्य जवळ असतें. परंतु त्याच कारणानें त्याच्या संपाचें ओझें शेताच्या खात्यावर पडतें आणि गिरणीच्या कागदांत त्याचा मागमूस राहत नाहीं.

सरकी काढण्याच्या कारखान्यांची गोष्ट आणखी वेगळी. खानदेशांतील या कारखान्यांत स्त्रिया पहांटेपासून रात्रीपर्यंत थोडक्या आण्यांवर राबत, अशी साक्ष १८८५ च्या कारखाना-चौकशी मंडळापुढें झाली होती. असें काम हंगामी असतें. ज्याची वर्षाची रोख कमाई तीन-चार महिन्यांत व्हावयाची, त्यास त्यांतील पंधरा दिवस घालविणें म्हणजे वर्षाचा मोठा भाग घालविणें होय. हंगामी मजुरास संप सर्वांत महाग पडतो तो यामुळें.

५. पगार बुडणें म्हणजे जितके दिवस काम नाहीं तितक्या दिवसांचा पगार बुडणें, अशी सामान्य समजूत आहे. कायदा याहून कठोर होता. १९३६ च्या पगार देण्याविषयींच्या कायद्यांत अशी तरतूद होती कीं, दहा किंवा अधिक कामगार संगनमतानें, कराराप्रमाणें नोटीस दिल्यावांचून व सबळ कारणावांचून गैरहजर राहिले, तर गैरहजेरीच्या दिवसांखेरीज नोटिशीच्या बदल्यांत आणखी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापतां येईल. एका दिवसाच्या अचानक संपास अशा रीतीनें नऊ दिवसांची किंमत पडूं शकत असे. १९३६ नंतरच्या पगारपत्रकांत हजेरी व कपात यांचा मेळ बसत नसेल तर लेखनिकाची चूक समजण्यापूर्वीं ही तरतूद आठवावी.

पुढील न्यायनिर्णयांतही हें सूत्र दिसतें. बँक ऑफ इंडियाच्या कर्मचाऱ्यांनीं १९७७ च्या डिसेंबरांत चार तासांचा संप केला. बँकेनें पूर्ण दिवसाचा पगार कापला, आणि १९९० त सर्वोच्च न्यायालयानें तो अधिकार मान्य केला. संप कायदेशीर व समर्थनीय असेल तरच त्या दिवसांचा पगार मागतां येतो, हें तत्त्व न्यायालयानें १९७८ तच सांगितलें होतें.

६. रेल्वेच्या संपानें या खर्चास एक नवें सदर जोडलें. खानदेशास रेल्वेसंप नवा नव्हता. भुसावळ ज्या जी. आय. पी. रेल्वेवर होतें तिच्यावर १९३० च्या फेब्रुवारींत संप झाला होता. परंतु देशभरचा मोठा संप ८ मे ते २७ मे १९७४ हा होय. सुमारें सतरा लाख कामगारांच्या या संपांत बुडालेला पगार वीस दिवसांचाच होता. खरा खर्च पुढें होता. रेल्वेचा नोकर घर, पास, बढतीचा क्रम व निवृत्तिवेतन या सर्वांस नोकरीच्या सलगतेनें बांधलेला असतो. संपकऱ्यांच्या सेवेंत खंड धरला गेला. हजारों लोकांस अटक झाली. हजारों कामावरून काढले गेले. भुसावळसारख्या गांवीं रेल्वेचें घर सोडावें लागणें म्हणजे पगार, छप्पर आणि मुलांची शाळा हीं एकाच वेळीं धोक्यांत येणें. जुन्या मिरासदारास परत येण्याचा जो हक्क होता, तो येथें वीस दिवसांच्या गैरहजेरीनें टांगणीस लागला.

१९७७ त सरकार बदलल्यावर काढलेल्यांस परत घेण्यांत आलें. १९७९ त रेल्वे-कामगारांस उत्पादकतेवर आधारलेला बोनस मंजूर झाला, आणि तो संपांत असलेल्या व नसलेल्या सर्वांस मिळाला. १९७४ पासून १९७७ पर्यंत घर कसें चाललें हा प्रश्न मात्र कोणत्याही आदेशांत नाहीं. कामावर परत घेतल्याचा हुकूम जपून ठेवणारीं घरें पुष्कळ असतील. त्याच पेटींत त्या तीन वर्षांतील उसनवारीच्या चिठ्ठ्याही असण्याचा संभव आहे. त्या टाकून देऊं नयेत.

७. मुंबईच्या गिरण्यांचा १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेला संप हा या हिशेबाचा शेवटचा टप्पा. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. हा संप कधींच विधिपूर्वक मागें घेतला गेला नाहीं. तो विरत गेला, आणि लाखाहून अधिक कामगारांची नोकरी कायमची गेली. येथें बुडालेला पगार किती महिन्यांचा, हें मोजण्याची रीतच लागू पडत नाहीं, कारण महिने संपलेच नाहींत.

मात्र या संपानें कागदाची किंमत जितकी स्पष्ट केली तितकी दुसऱ्या कोणत्याही संपानें केली नसेल. पुढें बंद गिरण्यांच्या जमिनींचा कांहीं भाग कामगारांच्या घरांसाठीं ठेवण्याचा नियम झाला, आणि म्हाडाच्या सोडतींत अर्ज करण्यास १ जानेवारी १९८२ रोजीं किंवा त्यानंतर गिरणीच्या कामावर असल्याचा पुरावा आवश्यक ठरला. हा पुरावा म्हणजे गिरणीचें ओळखपत्र, हजेरीचें तिकीट, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, विमायोजनेचें कार्ड. ज्या विधवेनें किंवा मुलानें ही चिठ्ठी ट्रंकेच्या तळाशीं ठेवली, त्यास अर्ज करतां आला. ज्यानें रद्दींत घातली, त्यास तें कठीण गेलें. जुना कागद राखणें हा छंद आहे असें म्हणणाऱ्यांस हें उदाहरण पुरेसें व्हावें.

८. आतां हे कागद कसे ओळखावे व वाचावे याविषयीं थोडक्यांत.

वाण्याची उधारीची वही हें सर्वांत बोलकें साधन. संपाच्या काळांत तींत तीन फरक दिसूं शकतात. प्रथम माल बदलतो: तांदूळ, गहूं, साखर कमी होऊन ज्वारी-बाजरी व मीठ-मिरची उरते. नंतर प्रमाण उतरतें: पायलीच्या जागीं शेर, शेराच्या जागीं पावशेर. शेवटीं नोंदच थांबते, म्हणजे वाण्यानें उधारी तोडली. पुन्हां नोंद सुरू होते ती बहुधा रोख जमेची, बारीक बारीक रकमांची. या दोन तारखांमधील अंतर संपाच्या दिवसांशीं ताडून पाहावें. तें जितकें अधिक, तितकें घर अधिक खोल गेलें असें समजावें. मात्र एका वहीवरून निर्णय करूं नये. आजार, लग्न आणि दुष्काळ यांनींही नोंदी अशाच बदलतात.

तिथीविषयीं विशेष सावधगिरी पाहिजे. व्यापाऱ्याची वही कार्तिक शुद्ध प्रतिपदेस नवी होते. १९२५ ची दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यास, म्हणजे संप चालू असतांनाच आली. म्हणून त्या संपाचा आरंभ जुन्या वहींत व शेवट नव्या वहींत, ओढलेल्या बाकीखालीं, असावयाचा. एकच वही हातीं आली तर अर्धाच संप दिसेल. शिवाय ती नवी वही विक्रम संवत १९८२ ची. पुठ्ठ्यावर नुसता १९८२ हा आकडा पाहून ती इ. स. १९८२ च्या संपाची समजण्याचा घोटाळा सहज संभवतो. लिपि, कागद व आणे-पैचे आकडे पाहिल्यास तो टळेल. मराठी दुकानदाराची वही असेल तर लिपि बहुधा मोडी. गुजराती वा मारवाडी व्यापाऱ्याची असेल तर त्या त्या वळणाची.

मनिऑर्डरीच्या पावत्यांत पैशाची दिशा पाहावी. एरव्हीं शहरांतून गांवीं जाणारा पैसा संपांत गांवाकडून शहराकडे वळलेला दिसला, तर गांवानें संप पोसल्याचा तो प्रत्यक्ष पुरावा होय. गहाणाच्या चिठ्ठींत वस्तु कोणती व ती सुटली कीं नाहीं हें पाहावें. न सुटलेली वस्तु हाच संपाचा अंतिम खर्च. शेताचीं गहाणखतें व खरेदीखतें संपानंतर लगेच न पाहतां पुढील दोन-तीन वर्षांचीं पाहावीं. कारण जमीन मजूर शेवटीं विकतो, आणि व्याजास त्या स्थितीस पोंचण्यास तितका काळ लागतो. युनियनच्या वर्गणीच्या पावत्या आणि धान्य-वांटपाचीं तिकिटें हीं अगदीं सामान्य म्हणून सर्वांत आधीं नाहींशीं होतात; तीं तारखेवार लावून ठेवावीं.

अशा संग्रहांत जिवंत माणसांचीं नांवें व कर्जें येतात. तीं प्रसिद्ध करतांना घराची संमति घ्यावी, नाहींतर नांवें गाळून केवळ आकडे व तारखा द्याव्या; हिशेबाचें प्रयोजन त्यानें पुरें होतें. १९७४ व १९८२ च्या संपांतील माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. खानदेशांतील ज्या संग्राहकांच्या ओळखींत गिरणीचें किंवा रेल्वेचें जुनें घर असेल, त्यांनीं वही मागण्यापूर्वीं घरच्या बाईस विचारावें कीं, संपांत प्रथम काय विकलें आणि शेवटचें देणें कधीं फिटलें. तिचें उत्तर तिच्याच शब्दांत, तारीख घालून उतरून घ्यावें आणि नंतर तें वहीशीं ताडावें.